आकाशकांची दिशाजुळणी

दूर अंतरावरील इमारतींच्या वा मनोऱ्यांच्या दरम्यान बिनतारी संदेशवहन करताना दोन्ही टोकांचे दिशिक आकाशक (अँटेना) परस्परांच्या रोखाने अचूक लावण्याची क्रिया. हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८८ मध्ये जस्ताच्या पत्र्याचे अन्वस्ताकार परावर्तक समोरासमोर ठेवून प्रयोग केले, तेव्हापासून हा प्रश्न उपस्थित झाला.

इंग्लंड व भारत यांच्यातील लघुतरंग ‘बीम’ सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. भारतातील प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, तर ग्राही केंद्र दौंड येथे होते. येथील आकाशक फिरविता येत नसत. तारांचे पडदे उंच खांबांच्या रांगेवर टांगलेले असत व ती रांग इच्छित दिशेला काटकोनात असावी लागे. त्यामुळे पायाच्या आखणीतच दिशा कायम होई. चूक झाल्यास खांबच नव्याने उभारावे लागले असते. ही दिशा नेहमीच्या नकाशावर सरळ रेघ ओढून मिळत नाही. मर्केटर नकाशावर इंग्लंडहून पुणे आग्नेयेकडे दिसते. परंतु तरंग बृहद्‌वृत्ताच्या मार्गाने जात असल्याने तेथील आकाशकाचा रोख जवळजवळ थेट पूर्वेकडे ठेवावा लागे. उलट पुण्याहून तो वायव्येकडे येतो.

इंग्लिश खाडीवर १९३१ मध्ये सु. १८ सेंमी. तरंगलांबीच्या दुव्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यात सु. ३ मी. व्यासाचे परावर्तक वापरले होते. अशा परावर्तकाची शलाका केवळ सु. ४° रुंद असते. तरंगलांबी घटली की शलाका आणखी अरुंद होते व जुळणी कठीण होते.

प्रथम होकायंत्राने स्थूल दिशा ठरवितात. त्यात चुंबकीय दिक्‌पाताची दुरुस्ती करावी लागते. शिवाय लोखंडी मनोऱ्याजवळ सुई भरकटते. नंतर एक आकाशक स्थिर ठेवून दुसरा सावकाश फिरवितात. महत्तम संकेताचा माथा सपाट असल्याने तो नेमका सापडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंस संकेत सारखाच घटेल अशी स्थाने नोंदून त्यांच्या मध्यावर आकाशक घट्ट करतात. बाजूच्या दुय्यम शलाकेवर जुळणी होणे ही नेहमीची फसगत होय. संकेत मिळतो, पण क्षीण. म्हणून दोन्ही बाजूंस पुरेसे फिरवून पाहणे आवश्यक असते. ध्रुवणही दोहोंकडे एकच हवे.

दृष्टिरेषा मोकळी असणे पुरेसे नसते. १० किमी. अंतरावर २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेस मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सु. १८ मी. भरते. व्हेनेझुएलात २००७ मध्ये वाय-फाय साधनांनी ३८२ किमी. अंतराचा दुवा जोडण्यात आला. एवढ्या अंतरावर पृथ्वीची वक्रता आड येत असल्याने त्याकरिता पर्वतशिखरांचा आश्रय घ्यावा लागला.