पट्ट्याचा जोड

कांद्याच्या रोपांची नोंद पुढच्या वेळी टाकतो. आजची नोंद लाकडाची आहे, आणि जरा मागं जाऊन सांगावी लागणार आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आपल्याकडं आलं तो दिवस. ओतूरकडच्या कुणालाच तो विसरता येणार नाही. कुणाचं पॉलिहाऊस गेलं, कुणाचे पत्रे गेले. आमच्या बांधावरचा आंबा मुळासकट आडवा झाला. माझ्या आज्याच्या बापानं लावलेला. वावरात जायची वाटच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी एक लाकडाचा व्यापारी आला. झाडाभोवती एक चक्कर मारली आणि उक्ता भाव सांगितला. जळणाच्या हिशोबाचा. मी हो म्हणायच्या बेतात होतो, कारण वाट मोकळी करायची घाई. तेवढ्यात चुलते म्हणाले, "आरं, आपण तीन घरं. निदान एकेक फळी तरी प्रत्येकाच्या घरात राहू दे." तात्यांचा शब्द मोडवेना. मग वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला, वाहतुकीचा कागद झाला. फांद्या जळणाला काढल्या आणि बुंधा जेसीबीनं ट्रॉलीत घालून वखारीत नेला. सरकारी कागदावर तिला आरागिरणी म्हणतात. आपल्याकडं वखारच.

वखारवाल्यानं पहिलं विचारलं, "दादा, खिळा-बिळा हाय का आत?"

मी छातीठोक सांगितलं, "नाही."

तिसऱ्या कापाला खट्ट करून आवाज झाला आणि पट्टा तुटला. आत बोटाएवढा लोखंडी खिळा. सालीपासून चार इंच आत गेलेला, भोवती लाकूड काळंनिळं पडलेलं. तात्यांनी पाहिलं नि गप्प झाले. मग म्हणाले, "हा माझ्या बापानं मारलेला. बैलाचं दावं अडकवायचा."

पट्ट्याचे पैसे मी दिले, चूक माझी होती. पण त्या दिवशी वखारीत तासभर बसून पट्टा जोडताना बघितला, आणि या यंत्राची सगळी गोष्ट त्या जोडातच आहे हे नंतर वाचताना कळलं. तीच सांगतो.

आधी हातकरवतीचं. तात्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. ओंडका उंच घोडीवर चढवायचा किंवा खाली खड्डा करायचा. काव लावलेली दोरी ताणून सूत मारायचं. एक माणूस वर, एक खाली, मधे लांब करवत. वरच्यानं सूत सांभाळायचं, खालच्यानं ओढायचं. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यात. दिवसभर राबून थोडेच काप पडायचे. त्यात करवत ओढताना कापते आणि परत नेताना नुसतीच जाते, म्हणजे निम्मे कष्ट वाया.

याच पद्धतीनं केवढाली कामं झाली बघा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'त्रिंकोमाली' १८१७ सालचं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

आणि लाकूड इतकं कष्टाचं होतं म्हणून झाडाची किंमतही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सांगितलंय. साग वगैरे जंगलातून परवानगीनं आणावा. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. आमच्या बांधावर आलेला व्यापारी आठवला तेव्हा हे वाचून जरा बरं वाटलं.

आता यंत्र. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाला १८०८ मध्ये एक कल्पना सुचली आणि त्यानं तिचं पेटंट घेतलं. करवत पुढंमागं ओढायचीच कशाला? तिचा गोल पट्टा करायचा, दोन चाकांवर माळेसारखा चढवायचा आणि फिरवत ठेवायचा. पट्टा एकाच दिशेनं जातो, सतत कापतो, परतीची खेप नाही. आपल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा जसा दोन चाकांवर फिरतो तसंच, फक्त याला एका कडेला दात.

कल्पना पक्की होती. चाललीच नाही. कारण पट्टा गोल करायचा तर दोन टोकं जोडावी लागतात. आणि फिरणारा पट्टा प्रत्येक फेरीत वरच्या चाकावर एकदा वाकतो, खालच्या चाकावर एकदा वाकतो, मधे सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा. एखादी तार हातात घेऊन वाकव-सरळ करत राहा, काय होतं? तुटते. तसा तो पट्टा तुटायचा, आणि जोडाशीच तुटायचा. त्यामुळं ही बँड सॉ तीस-चाळीस वर्षं जवळजवळ कागदावरच राहिली.

हे कोडं सुटलं पॅरिसमध्ये, आणि सोडवलं एका बाईनं. ॲन पोलिन क्रेपिन तिचं नाव. १८४६ मध्ये तिनं पट्ट्याची टोकं टिकाऊ जोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढं पेरिन नावाच्या पॅरिसच्याच कारखानदारानं ते हक्क घेतले, पोलाद सुधारलं, आणि मग बँड सॉ खऱ्या अर्थानं कामाला लागली. आधी सुतारकामाच्या लहान मशीन आल्या, पुढं अख्खे ओंडके चिरणाऱ्या मोठ्या.

वखारीतला कारागीर माझ्यासमोर तेच करत होता. तुटलेली टोकं त्यानं घासून तिरपी केली, एकावर एक बसवली, तापवून जोड दिला आणि मग तो जोड घासून बाकीच्या पट्ट्याइतकाच पातळ केला. मी म्हटलं, जाड राहू दे की, मजबूत राहील. तो हसला. "जाड ठेवला की तिथं वाकत नाही दादा, शेजारी तुटतो. जोड कळता कामा नये."

आता शेतकऱ्याच्या कामाचं. या पट्ट्यानं आपला फायदा काय? पातळपणा. पट्ट्याची जाडी साधारण चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी ठेवतात. चार फुटी चाक असेल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. दात आलटून पालटून डावी-उजवीकडं वाकवलेले असतात, म्हणून काप धरू अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. ओंडका चिरणारी मोठी गोल करवत मात्र जाड असते, तिचा काप पाव इंचाचा धरा. उघड आहे, काप म्हणजे भुसा.

एक फूट जाडीच्या चौकोनी ओंडक्याच्या एक इंची फळ्या पाडायच्यात. पाव इंची कापानं ९ फळ्या निघतात, ९ कापांत सव्वादोन इंच भुसा होतो आणि शेवटी उरतो तो पाऊण इंची तुकडा. बँड सॉनं ११ फळ्या निघतात, १० कापांत फक्त एक इंच भुसा. त्याच ओंडक्यातून दोन फळ्या जास्त. जाड फळी उभी चिरून दोन पातळ करायच्या असतील तर हा फरक आणखीच जाणवतो. (वाळताना लाकूड आकसतं, रंधाही मारावा लागतो. तेव्हा इंचाची फळी हवी तर जरा जास्त जाडीची पाडून घ्या.)

दुसरा हिशोब मोजणीचा, हा नीट वाचा. वखारीत गोल लाकूड असं मोजतात: घेराचा चौथा भाग गुणिले घेराचा चौथा भाग गुणिले लांबी. आमचा बुंधा घेरानं ८ फूट, लांबी १० फूट. म्हणजे २ × २ × १० = ४० घनफूट. प्रत्यक्षात तेवढ्या गोल लाकडात जवळजवळ ५१ घनफूट भरतात. ही फसवाफसवी नाही. लंडनच्या एडवर्ड हॉपस नावाच्या माणसानं १७३६ मध्ये या हिशोबाची कोष्टकं छापली. साल आणि कडेच्या फळ्या वाया जाणार म्हणून ही सूट धरलेली आहे. पण हे आपल्याला माहीत पाहिजे. उक्तं झाड विकताना आपण ना घेर मोजत, ना लांबी. समोरचा मात्र मनात दोन्ही मोजून आलेला असतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. कापणं सोपं झालं आणि झाडं कमी झाली. जहाजं, मग १८५३ पासून रेल्वे आणि तिचे स्लीपर. जंगल संपत चाललंय हे लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन. आपल्या जुन्नर भागातच हिवऱ्याची सरकारी बाग त्याच्या देखरेखीखाली होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे तो तेव्हा सरकारला लिहून कळवत होता.

पुढं कायदे आले. महाराष्ट्राचा झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा १९६४ चा. त्याच्या यादीत साग, हिरडा तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगी लागते. मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि विनापरवाना आरागिरण्यांवर गदा आली. नवीन परवाना मिळणं तेव्हापासून अवघड झालं. आपल्याला कधीकधी हे कागद जाचक वाटतात, मलाही त्या जूनमध्ये वाटले होते. पण ज्या कामाला दोन माणसांना कित्येक दिवस लागायचे ते पट्टा एका दुपारी उरकतो. पूर्वी करवतीचे कष्टच झाडाला राखत होते. ते कष्ट गेले, तर राखायचं काम कुणीतरी मुद्दाम करायला हवं. कायद्यानं करावं, नाहीतर आपण.

आमच्या फळ्यांचं काय झालं? आंब्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून लगेच चिरल्या हे बरं झालं. मधे पट्ट्या घालून थर रचला, वरून पत्रा टाकला आणि सावलीत वर्षभर वाळवल्या. भावकीत वाटणी झाली तेव्हा कोणी जास्त-कमी म्हणालं नाही, हेही सांगितलं पाहिजे, कारण बांधावरून आमच्यात एरवी बोलणं कमी होतं. एका घरी मांडणी झाली, एका घरी जेवायचे पाट. तात्यांनी खिळ्याच्या काळ्या डागाची फळी मागून घेतली. तिचा देव्हारा केला, डाग दर्शनी ठेवून.

तेव्हा मंडळी, बांधावरचं झाड पडलं तर उक्तं देऊ नका. आधी घेर आणि लांबी मोजा, मग वखारीत विचारा. आणि वखारवाल्यानं खिळ्याचं विचारलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मगच उत्तर द्या.

आंबा होता तिथंच पावसाळ्यात दोन रोपं लावलीत. एक तात्यांच्या हातानं, एक माझ्या.