हॅम्बुर्ग, ३० एप्रिल १९९३ : मोनिका सेलेस आणि दीड सेंटिमीटरची जखम

१/
३० एप्रिल १९९३. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे उपांत्यपूर्व सामना सुरू होता. बल्गेरियाच्या मॅग्डालेना मलीवाविरुद्ध मोनिका सेलेस ६-४, ४-३ अशी पुढे होती. बाजू बदलताना मिळणाऱ्या विश्रांतीत ती पाणी पिण्यासाठी खुर्चीतच किंचित पुढे झुकली. त्याच क्षणी प्रेक्षकांतून आलेल्या एका इसमाने तिच्या पाठीत सुरी खुपसली.

२/
सेलेसचे वय तेव्हा अवघे १९ होते आणि जागतिक क्रमवारीत ती अव्वल होती. जन्म युगोस्लाव्हियातील नोव्ही साद शहरी, हंगेरियन कुटुंबात. वडील कॅरोल व्यंगचित्रकार. मोटारी उभ्या करण्याच्या जागेत जाळी बांधून त्यांनी लेकीला खेळ शिकवला. तिला गोडी लागावी म्हणून ते चेंडूंवर चित्रेही काढत.

३/
फोरहँड आणि बॅकहँड, दोन्ही फटके ती दोन्ही हातांनी मारी. १९९० मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने स्टेफी ग्राफला हरवून फ्रेंच ओपन जिंकली. जानेवारी १९९१ पासून हल्ल्यापर्यंत ती आठ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळली आणि त्यांपैकी सात जिंकली. उरलेल्या एकीत, १९९२ च्या विम्बल्डनमध्ये, ती अंतिम फेरीत ग्राफकडून हरली.

४/
हल्लेखोर ३८ वर्षांचा बेकार कामगार होता. ग्राफ पुन्हा अव्वल व्हावी, एवढाच त्याचा हेतू. (त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.) जखम सुमारे दीड सेंटिमीटर खोल होती आणि काही आठवड्यांत भरलीही.

५/
खरा घाव पुढे बसला. स्पर्धा थांबली नाही. सेलेसचे अव्वल स्थान गोठवावे का, यावर रोममध्ये आघाडीच्या खेळाडूंचे मत घेण्यात आले. गॅब्रिएला सबातिनी तटस्थ राहिली. बाकीच्यांनी विरोध केला. जूनमध्ये ग्राफ अव्वल झाली. हल्लेखोराला हवे होते ते त्याला सव्वा महिन्यात मिळाले.

६/
यात ग्राफचा दोष नाही. ती रुग्णालयात जाऊन सेलेसला भेटलीही होती. पण तिच्या एकूण २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी ११ या घटनेनंतरची आहेत. दोघींतील श्रेष्ठ कोण, हा वाद म्हणूनच कधी मिटत नाही.

७/
ऑक्टोबर १९९३ मध्ये न्यायालयाने हल्लेखोराची मानसिक अवस्था लक्षात घेऊन त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, पण तीही स्थगित ठेवली. १९९५ मध्ये पुनर्सुनावणीतही तेच झाले. शिक्षा भोगण्यासाठी तो तुरुंगात गेलाच नाही. सेलेस मात्र त्यानंतर जर्मनीत कधीच खेळली नाही.

८/
त्याच काळात वडिलांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. नैराश्याने तिला ग्रासले. खाण्यावरचा ताबा सुटला. याविषयी तिने पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहिले. सव्वादोन वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, ती टोरोंटोत स्पर्धात्मक टेनिसमध्ये परतली आणि ती स्पर्धा जिंकलीच. लगेच अमेरिकन ओपनची अंतिम फेरी. समोर पुन्हा ग्राफ. दुसरा सेट सेलेसने ६-० असा घेतला, सामना ग्राफने.

९/
१९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपन हे तिचे नववे आणि अखेरचे ग्रँड स्लॅम ठरले. मे १९९८ मध्ये वडील गेले. काही आठवड्यांतच ती पॅरिसला उतरली आणि मार्टिना हिंगिसला नमवून फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. तेथे ती हरली.

१०/
२००३ मध्ये ती शेवटचा व्यावसायिक सामना खेळली. टेनिसचा मोठा सामना पाहताना विश्रांतीच्या वेळी खेळाडूच्या खुर्चीमागे पाहावे. प्रेक्षकांकडे तोंड करून तेथे सुरक्षारक्षक उभा असतो.