नभोवाणीचे जुने कार्यक्रम आणि आंतरजालावरील श्रोता

नभोवाणीचा श्रोता दीर्घकाळ घड्याळाशी बांधलेला होता. कार्यक्रम ठराविक वारी, ठराविक वेळी लागे. तो चुकला की चुकला. आंतरजालावरील श्रोत्यास हे बंधन नाही. तो सवडीने ऐकतो, आणि कालचा भाग व पन्नास वर्षांपूर्वीचा भाग त्याच्यापुढे एकाच यादीत उभे असतात. जुन्या कार्यक्रमांनी या श्रोत्याशी कसे जुळवून घ्यावे, हा प्रश्न बहुधा यंत्रांचा म्हणून मांडला जातो. एका दीर्घायुषी कार्यक्रमाचा इतिहास पाहता तो प्रथम रचनेचा, नंतर हक्कांचा आणि अखेरीस जतनाचा प्रश्न ठरतो.

बी.बी.सी.चा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ रोजी सुरू झाला. कल्पना रॉय प्लम्ली यांची. पहिले पाहुणे विनोदी नट व्हिक ऑलिव्हर. निर्जन बेटावर एकाकी पडलेल्या माणसाने कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका बरोबर न्याव्यात, एवढाच मूळ प्रश्न. १९४६ नंतर कार्यक्रमात खंड पडला. १९५१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि पुढे एक पुस्तक व एक चैनीची वस्तू यांची त्यात भर पडली.

ही रचना कार्यक्रमाच्या पथ्यावर पडली. बोलीतील ‘आज’, ‘आता’, ‘उद्या’ या शब्दांना अर्थ येतो तो बोलण्याच्या क्षणामुळे. बातमीपत्र या शब्दांवर उभे असते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते शिळे होते. गतायुष्याची आठवण सांगणारे संभाषण तारखेवर तितकेसे अवलंबून नसते. आरंभीच्या काळात हे संभाषणही आधी लिहून काढून वाचले जाई. पुढे त्याची जागा मोकळ्या बोलण्याने घेतली. आंतरजालावरील श्रोत्याला आज जवळचे वाटते ते हे मोकळे बोलणे.

तथापि अनुकूल रचना असूनही हा कार्यक्रम आंतरजालावर उशिरा आला. प्लम्ली यांनी १९८५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तो चालविला. मूळ कल्पनेचे हक्क त्यांच्या पश्चात कुटुंबाकडे राहिले, आणि त्यासंबंधीचा करार होण्यास २००९ साल उजाडले. बी.बी.सी.चाच ‘इन अवर टाइम’ हा १९९८ मध्ये सुरू झालेला चर्चेचा कार्यक्रम २००४ पासूनच उतरवून घेता येत होता. संगीताच्या हक्कांचा प्रश्न तर करारानंतरही सुटला नाही. उतरवून घ्यावयाच्या आवृत्तीत गाण्यांचे तुकडे आखूड करावे लागले. उलट ‘इन अवर टाइम’च्या आवृत्तीत, प्रक्षेपण संपल्यावर विद्वानांत चाललेल्या चर्चेचा अंश जोडण्याची प्रथा पडली. एकाच माध्यमाने एकाचे संगीत घटविले आणि दुसऱ्याचे बोलणे वाढविले. वेळेची मर्यादा सुटली. हक्कांची सुटली नाही.

२०११ मध्ये ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चे पाचशेहून अधिक जुने भाग सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा तिसरा प्रश्न उघडा पडला. आरंभीच्या दशकांतील बहुसंख्य भागांचे ध्वनिमुद्रण शिल्लकच नव्हते. उच्चारलेला शब्द प्रक्षेपणानंतर आपले काम संपवून गेला, अशीच त्या काळची समजूत होती. २०२२ मध्ये एका संग्राहकाने जपलेल्या घरगुती ध्वनिमुद्रणांतून असे अनेक हरवलेले भाग हाती आले. संस्थेने जे राखले नाही, ते एका श्रोत्याने राखले होते.

भाषेच्या अभ्यासकास या इतिहासात विशेष स्वारस्य असावयास हवे. मुंबईस नियमित ध्वनिक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी. नभोवाणीवर त्या काळी मराठी कशी बोलली गेली, तिच्यातील स्वराघात, विराम, वाचलेल्या आणि सहज बोललेल्या वाक्यांतील अंतर, यांचा पुरावा केवळ ध्वनीतच असू शकतो. लेखी संहिता शब्द सांगते, उच्चार सांगत नाही. कार्यक्रम नव्या श्रोत्यापर्यंत नेण्याच्या खटाटोपाचा लाभ म्हणूनच दुहेरी आहे: श्रोत्यास करमणूक मिळते आणि अभ्यासकास साधन. पण जे जपले गेले असेल तेच पोहोचविता येते. नव्या श्रोत्यासाठी करावयाच्या तयारीचा आरंभ म्हणून जुन्या फितींच्या कपाटापासून व्हावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.