मुख्य इमारत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ही पुण्यातील गणेशखिंड येथील एकोणिसाव्या शतकातील दगडी वास्तू आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान म्हणून ती बांधण्यात आली. तिचे मूळ नाव ‘गव्हर्नमेंट हाउस’ असे होते. १९४९ पासून तेथून विद्यापीठाचा कारभार चालू लागला.

बांधकाम

पावसाळ्यात गव्हर्नर मुंबई सोडून पुण्यास मुक्कामी येत. त्यासाठी पूर्वी दापोडी येथे बंगला होता. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, गणेशखिंड येथे नव्या निवासस्थानाच्या बांधकामास प्रारंभ झाला. जेम्स ट्रबशॉ हे तिचे वास्तुविशारद होते. उंच मनोरा असलेली ही वास्तू इटालियन धाटणीची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळी कापसाचे भाव चढले होते व मुंबईत पैसा खेळत होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. बांधकाम मात्र थांबले नाही. १८७१ मध्ये ते पूर्ण झाले, तेव्हा फ्रिअर यांना पद सोडून चार वर्षे झाली होती. या उधळपट्टीवर ब्रिटिश संसदेतही टीका झाली. वर्षातील काही महिन्यांच्या मुक्कामासाठी एवढा प्रासाद उभारला गेला, हे पाहता ती टीका अनाठायी म्हणता येत नाही.

२२ जून १८९७

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा २२ जून १८९७ रोजी रात्री येथे झाला. प्लेगच्या साथीत घरझडत्यांमुळे पुणेकरांच्या रोषास पात्र ठरलेले अधिकारी वॉल्टर रँड या सोहळ्यास उपस्थित होते. परतीच्या वाटेवर, गणेशखिंड रस्त्यावर, चाफेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, रँड ३ जुलै रोजी. दामोदर चाफेकर यांना १८९८ मध्ये फाशी देण्यात आली. त्यानंतर बाळकृष्ण व वासुदेव या त्यांच्या बंधूंनाही फाशी झाली.

विद्यापीठाकडे हस्तांतर

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू होते. प्रारंभी कार्यालय भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या निजाम अतिथिगृहात होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारामुळे गव्हर्नरांचा प्रासाद व सुमारे ४०० एकरांचा परिसर विद्यापीठास मिळाला आणि १९४९ च्या जूनमध्ये कार्यालय येथे हलविण्यात आले. जेथे केवळ निमंत्रितांनाच प्रवेश होता, त्या दालनांत कुलगुरूंचे कार्यालय व अधिसभेच्या बैठका आल्या. नृत्यदालनाचे संत ज्ञानेश्वर सभागृह झाले. राज्यपालांचे पुण्यातील निवासस्थान आजही लगतच्याच आवारात आहे.