खरखरीची कुळकथा

रेडिओवर गाण्याची लय नुकती जमत असावी आणि शेजारच्या घरीं कोणी दिव्याची कळ दाबतांच मध्येंच 'खट्' असा आवाज उठावा, हा अनुभव न घेतलेला जुना श्रोता सांपडणें कठीण. तोच 'खट्' आज संगणकाच्या वांट्याला आला आहे. घर मुंबईस असो कीं परभणी जिल्ह्यांतील बोरी गांवीं, मिक्सर फिरूं लागला कीं संगणकाचा ध्वनिवर्धक गुरगुरतो, आणि पंपाची मोटर सुरू होतांच यंत्र विझून पुन्हां पहिल्यापासून उघडतें. अर्धें लिहिलेलें काम जातें, आणि दोष मात्र संगणकाला मिळतो.

वास्तविक या खरखरीचें कूळ संगणकाहून पुष्कळ जुनें आहे. हेर्ट्झनें 1887 च्या सुमारास जर्मनींत विद्युत्-लहरी प्रथम उत्पन्न केल्या त्या ठिणगी पाडूनच. पुढें कित्येक वर्षें बिनतारी संदेश ठिणग्यांवरच चालत. मानवी आवाज लहरींवर चढला तेव्हां मात्र कालची दूती आजची वैरीण ठरली. मुंबईचें नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजीं सुरू झालें. तत्पूर्वीं, 1907 पासून, शहरांत विजेच्या ट्राम धांवत होत्या आणि 1925 पासून विजेची आगगाडी. तारेवर उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक विनापरवाना प्रक्षेपकच! विजेच्या उपकरणांपासून नभोवाणीचें रक्षण करण्यासाठीं 1934 सालीं एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. ज्या खेड्यांत वीज नव्हती, तेथला बॅटरीवरचा रेडिओ या एका बाबतींत शहरी रेडिओहून भाग्यवान होता.

संगणक घरांत आला तो प्रथम चोर म्हणून, फिर्यादी म्हणून नव्हे. 1975 सालीं अमेरिकेंत स्टीव्ह डॉम्पियर या हौशी गृहस्थानें आल्टेअर नांवाच्या संगणकाजवळ रेडिओ ठेवला आणि यंत्राच्या खरखरीलाच सुरांत बांधून सभेला गाणें ऐकविलें. श्रोते खूष झाले. शेजारी इतके रसिक नसतात. 1979 मध्यें तेथील सरकारनें संगणकांच्या खरखरीवर मर्यादा घातली. युरोपनें 1989 सालीं अधिक शहाणपणाचा नियम केला: यंत्रानें दुसऱ्यास उपद्रव देऊं नये आणि दुसऱ्याचा थोडाफार उपद्रव सोसावा. आपल्या एकत्र कुटुंबांत सुनेला हेंच सांगत. सासूला सांगत नसत, इतकाच फरक.

आपल्याकडे या खरखरीची सर्वांत मोठी धास्ती नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून तेथें 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. ती जागा निवडतांना मनुष्यकृत खरखर कमी असणें हें एक कारण होतें. आकाशगंगांहून येणारे क्षीण संदेश टिपणाऱ्या या दुर्बिणीला खांबावरची ठिणगीही आड येऊं शकते.

खरखर शोधण्याची रीत मात्र अजून जुनीच आहे. सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागीं लावावा आणि घराचा मुख्य खटका बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरांतलाच. मग एकेक शाखा चालू करून पाहावी. ढिला सॉकेट, मिक्सरच्या मोटरींतील झिजलेले कार्बन किंवा हलक्या प्रतीचा चार्जर बहुधा हातीं लागतो. पंप सुरू होतांना दाब क्षणभर खालीं जातो, तो दोष रेडिओला ऐकूं येत नाहीं. त्यासाठीं पंपाची तार वेगळी हवी, किंवा संगणकाला बॅटरीचा आधार.

राहिलें अर्थिंग. संगणकाच्या पेटींतील गाळणी तारेंतला बराचसा उपद्रव जमिनींत सोडते. अर्थिंगच मेलें असेल तर तो पत्र्यावर राहतो आणि हात लावतांच झिणझिण्या येतात. परभणीकडील काळी जमीन उन्हाळ्यांत सुकून भेगाळते, मातीची पकड सुटते, आणि पावसाळ्यांत उत्तम चाललेलें अर्थिंग वैशाखांत निकामी होतें. म्हणून जाणते वायरमन खड्ड्यांत कोळसा व मीठ घालतात, आणि उन्हाळाभर त्यांत अधूनमधून बादलीभर पाणी ओतावयास सांगतात.