दोरी कोणाच्या हाती? डॉ. पां. वा. सुखात्मे आणि पीक कापणी प्रयोग

महसूल खात्यात रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याच्या कानावर पहिल्याच वर्षी जे शब्द पडतात, त्यांत आणेवारी हा एक असतो. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. पुढे नाणी बदलली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पीक पन्नास पैशांच्या आत की बाहेर, या एका प्रश्नावर महाराष्ट्रातील गावांच्या सवलती पिढ्यान् पिढ्या ठरत आल्या. हा आकडा पूर्वी कसा काढीत? पिकाचे सर्वसाधारण उत्पन्न कागदोपत्री निश्चित केलेले असे. यंदाचे पीक त्याच्या किती आणे आहे, हे गावपातळीवरचा कर्मचारी नजरेने सांगे. नजर अनुभवी असली, तरी ती तपासून पाहण्याचे साधन सरकारपाशी नव्हते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात या उणिवेचे गांभीर्य सर्वांच्या लक्षात आले. ज्या राज्यकर्त्याला आपल्या मुलुखात धान्य किती आहे हेच ठाऊक नाही, तो ते वाटणार तरी कसे?

नजरेऐवजी मोजमाप आणण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न एका सनदी अधिकाऱ्याने केला होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. भारतीय सनदी सेवेतील जे. ए. हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताची शेते यादृच्छिक रीतीने निवडून पीक कापून पाहिले व १९२७ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये नमुना पाहणीचे मोठे कार्य उभारले. याच टप्प्यावर सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे या इतिहासात प्रवेश करतात.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्या सहवासात नमुना पाहणीचे शास्त्र शिकून त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. देशभर पिकांचे उत्पन्न मोजायचे होते आणि त्यासाठी नवे खाते उभारण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा हे काम करणार कोण?

महालनोबिस यांचे उत्तर होते : खास प्रशिक्षित, स्वतंत्र कर्मचारी. शेतात काही फूट त्रिज्येचे छोटे वर्तुळ आखायचे आणि तेवढेच पीक कापायचे. तुकडा लहान असल्याने खर्च कमी येतो, म्हणून अशी मोजमापे पुष्कळ घेता येतात. सुखात्मे यांचे उत्तर निराळे होते. महसूल आणि कृषी खात्यांचा कर्मचारी गावोगाव आहेच. काम त्याच्याकडूनच करून घ्यावे, मात्र त्याच्या हातात बिघडणार नाही अशी पद्धत द्यावी.

येथे वाद तुकड्याच्या आकाराशी येऊन ठेपला. सुखात्मे यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला : फार लहान तुकड्यांतून निघणारे उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते. कारण अगदी साधे आहे. दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणूस ते बहुधा आत धरतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड येते. उलट ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाच्या तुकड्यात हे प्रमाण पाचांशाहूनही कमी असते. कड जितकी जास्त, तितकी चूक जास्त. शिवाय ही चूक नेहमी एकाच दिशेला झुकते, म्हणून प्रयोगांची संख्या वाढवून ती नाहीशी होत नाही. हजार वेळा चुकीचे मोजल्याने बरोबर उत्तर मिळत नाही. चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढतो.

१९५३ मध्ये जॉर्ज बॉक्स यांनी सांख्यिकीत ‘रोबस्ट’ हा शब्द रूढ केला. गृहीतके थोडी ढळली तरी जी पद्धत कोलमडत नाही, ती रोबस्ट. पुढे ट्यूकी आणि ह्यूबर यांनी या विचाराची स्वतंत्र शाखा घडवली. सुखात्मे त्या शाखेचे नव्हेत. परंतु घाईत असलेला, उन्हात उभा राहिलेला, गणिताची ओढ नसलेला कर्मचारी गृहीत धरून पद्धत रचणे, हे त्याच विचाराचे प्रशासकीय रूप होय. १९५४ मध्ये व्ही. जी. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरचा ग्रंथ कृषी विद्यापीठांतील पिढ्यांनी अभ्यासला. सुखात्मे स्वतः १९५१ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि सुमारे दोन दशके तिथल्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी वाहिली.

आज अनेक राज्यांत पीक कापणी प्रयोगाचा तुकडा दहा मीटर बाय पाच मीटरचा असतो. तो जुन्याच मापाचा मेट्रिक अवतार आहे. शेताची निवड यादृच्छिक आकड्यांनी होते, खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते, कापणी, मळणी आणि वजन होते. बदलले आहे ते या वजनाचे मोल. पूर्वी त्यातून प्रांताचा किंवा जिल्ह्याचा अंदाज निघत असे. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायतीगणिक किमान चार प्रयोगांवर शेतकऱ्यांची भरपाई ठरू लागली. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून भरपाईचा मुख्य आधार म्हणून हेच प्रयोग स्वीकारले.

सुखात्मे यांनी ज्या चुकीचा बंदोबस्त केला ती निर्हेतुक होती. दोरीवरचे रोप आत घेणाऱ्याला त्यातून काही मिळणार नव्हते. आज त्याच दोरीभोवती शेतकरी उभा आहे, ज्याला उत्पन्न कमी दिसावेसे वाटते. विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा आहे, ज्याला ते अधिक दिसावेसे वाटते. आणि मधे आहे तो कृषी सहायक किंवा तलाठी, ज्याला त्याच गावात उद्याही काम करायचे आहे. तुकडा कितीही मोठा केला तरी हा कल त्याने जात नाही. त्यासाठी प्रयोग सर्वांसमक्ष व्हावा, वजन तिथल्या तिथे नोंदले जावे आणि काही प्रयोगांची वरिष्ठांनी अचानक पाहणी करावी, एवढे साधे उपाय निष्ठेने पाळावे लागतात. उपग्रहाच्या प्रतिमांनी काम हलके होईल; पण त्या प्रतिमांचा अंदाज खरा की खोटा, हे तपासायला शेवटी शेतातलेच वजन लागते.

सुखात्मे १९९७ मध्ये निवर्तले. आपल्या सेवेतील तरुण सहकाऱ्यांनी त्यांच्याकडून एक सवय अवश्य घ्यावी. कोणताही आकडा टेबलावर आला की त्याची सरासरी पाहण्याआधी विचारावे, हे मोजताना दोरी कोणी धरली होती, आणि काठावरच्या रोपाचे त्याने काय केले?