खसखस, टपाल आणि 'पंच'चे चिमटे : १८४४ चे लंडनमधील पत्रफोड प्रकरण

१/
सन १८४४ च्या वसंतात लंडनमधील एक इटालियन निर्वासित आपल्या मित्रांकडून स्वतःलाच पत्रे पाठवून घेऊ लागला. त्या पत्रांच्या घडीत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, कधी एखादा केस ठेवलेला असे. पत्र घरी येई. मोहोर जागच्या जागी, कागद नीटनेटका. आतली खसखस मात्र नाहीशी झालेली असे. या हरवलेल्या दाण्यांनी पुढे ब्रिटनच्या गृहमंत्र्याची झोप उडवली आणि सरकारच्या दोन गुप्त कचेऱ्यांना कुलूप लावले. आजच्या 'प्रायव्हसी'च्या वादाचे जवळजवळ सगळे युक्तिवाद त्या एका उन्हाळ्यात उच्चारले गेले होते. त्या प्रकरणाची ही हकिगत.

२/
हा निर्वासित म्हणजे जुझेप्पे मॅझिनी. जन्म १८०५, जिनोव्हा. १८३१ मध्ये त्याने 'तरुण इटली' ही संघटना स्थापन केली. ऑस्ट्रियाच्या वर्चस्वाखाली आणि छोट्या-मोठ्या राजांच्या ताब्यात विखुरलेला इटली एक आणि प्रजासत्ताक व्हावा, हे तिचे ध्येय. स्वदेशात मृत्युदंडाची शिक्षा डोक्यावर असल्याने तो देशोदेशी भटकत १८३७ मध्ये लंडनला आला. तेथे लेखनावर कसाबसा गुजारा करी आणि रस्त्यावर वाद्ये वाजवून पोट भरणाऱ्या गरीब इटालियन मुलांसाठी मोफत रात्रशाळा चालवी. सैन्य नाही, पैसा नाही. त्याच्या चळवळीचा सारा डोलारा पत्रांवर उभा होता.

३/
त्या काळी पत्र ही अगदी ताज्या तंत्रज्ञानाची गोष्ट होती. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये कोठूनही कोठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जगातील पहिले चिकटवायचे तिकीट, 'पेनी ब्लॅक', वापरात आले. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० मध्ये तो आकडा सुमारे १६ कोटी ९० लाखांवर गेला. मोलकरीण, कारागीर, दूर गेलेला मुलगा, सारे लिहू लागले. सामान्य माणसाचे खासगी बोलणे प्रथमच एवढ्या प्रमाणात एका सरकारी खात्याच्या हाती सोपवले गेले.

४/
आणि हे खाते निरागस कधीच नव्हते. क्रॉमवेलच्या राजवटीत, १६५७ मध्ये टपालाचा कायदा झाला, तेव्हाच राज्याविरुद्धची कारस्थाने हुडकून काढण्यास टपाल हे उत्तम साधन असल्याचे त्यात उघडपणे नमूद केले होते. राणी ॲनच्या काळातील १७१० च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना पत्रे उघडण्यास मनाई केली. अपवाद एकच, मंत्र्याच्या सहीचा लेखी हुकूम. पुढे परदेशी टपाल तपासणारी 'गुप्त कचेरी' आणि सांकेतिक मजकूर उलगडणारी 'कूटलेखन शाखा' पिढ्यान्‌पिढ्या शांतपणे काम करीत राहिल्या. दुसऱ्या शाखेचे काम तर बराच काळ विलेस या एकाच घराण्याकडे होते. वतनदारी केवळ आपल्याकडेच होती, असे समजण्याचे कारण नाही.

५/
मॅझिनीला संशय आला तो टपालाच्या शिक्क्यांवरून. त्याच्या पत्रांवर दोन शिक्के एकावर एक उमटलेले दिसत. पत्र उघडून वाचण्यात जो वेळ जाई, तो झाकण्यासाठी आधीच्या शिक्क्यावर नंतरच्या वेळेचा शिक्का मारला जात असे. मग त्याने पद्धतशीर परीक्षा सुरू केली. पत्र टपालात टाकताना साक्षीदार, मिळाल्यावर उघडतानाही साक्षीदार. मोहोर कशी होती, ती किती वाजता टाकली, आत काय होते, याची नोंद. कामगार चळवळीतील विल्यम लव्हेट यांच्यासारखे मित्र साक्षीला होते. यंत्रणा आपल्यावर पाळत ठेवते आहे हे सामान्य नागरिकाने साध्या पुराव्याने सिद्ध करण्याचे हे एक नमुनेदार उदाहरण.

६/
१४ जून १८४४ रोजी खासदार टॉमस डनकुंब यांनी हे गाऱ्हाणे अर्जाच्या रूपाने पार्लमेंटमध्ये मांडले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी उत्तर दिले ते असे : अर्जदारांपैकी एकाच्या पत्रांबाबत हुकूम काढला होता, तो आता रद्द झाला आहे, कायद्याने हा अधिकार आपल्याला आहे, आणि यापलीकडे आपण काही सांगणार नाही. 'राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने अधिक तपशील देता येत नाही' हे वाक्य ज्यांना आजच्या बातम्यांत रोज भेटते, त्यांनी त्याची वंशावळ येथून शोधावी.

७/
लंडन खवळले. इतिहासकार टॉमस कार्लाइल यांना मॅझिनीचे राजकारण पटत नसे, तरी त्यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून त्याच्या सचोटीची ग्वाही दिली आणि दुसऱ्याचे पत्र फोडणे हे खिसेकापूपणाचे सख्खे भावंड ठरवले. सभागृहात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांत मेकॉलेही होते. हिंदुस्थानात शिक्षणाचा मसुदा आणि दंडसंहितेचा खर्डा लिहून ते काही वर्षांपूर्वीच परतले होते. त्यांच्या मते टपालातील पत्र उघडणे आणि घरातील मेजाच्या खणातून ते काढून घेणे यांत फरक नव्हता. कागद कोणाच्या हाती आहे याने तो कोणाचा आहे हे बदलत नाही, हा तो मुद्दा. 'क्लाउड'वरील फायलींबाबत आजही तोच वाद चालू आहे.

८/
मात्र ग्रॅहमसाहेबांना खरे जेरीस आणले ते टवाळखोरांनी. १८४१ मध्ये सुरू झालेल्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाला जणू मेजवानीच मिळाली. त्याने गृहमंत्र्यांना टपालकचेरीत नाक खुपसणाऱ्या पॉल प्राय या नाटकातील भोचक पात्राच्या रूपात रंगवले. जॉन लीच या चित्रकाराने 'ग्रॅहमविरोधी पाकीट' काढले. पत्रे बंद करण्यासाठी त्या काळी पिठाच्या चिकट चकत्या वापरत. 'पंच'ने गृहमंत्र्यांना टोमणे मारणाऱ्या 'ग्रॅहमविरोधी चकत्या' वाचकांना दिल्या. पत्र फोडणाऱ्या कारकुनाला पहिली चपराक बसावी ती पाकिटावरच, अशी ही सोय.

९/
गृहमंत्र्यांचे आडनाव क्रियापद झाले. 'ग्रॅहम करणे' म्हणजे दुसऱ्याचे पत्र चोरून उघडणे. लोक पाकिटावर लिहू लागले की हे 'ग्रॅहम' करू नये. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी एका मित्राला पाठवलेल्या पत्राच्या पाकिटावर विनंती लिहिली की, सर जेम्स यांनी हे उघडलेच तर पुन्हा चिकटवण्याचे कष्ट घेऊ नयेत. आज संशयास्पद शब्द टंकून 'नमस्कार, एजंटसाहेब' असे लिहिणारी मिश्कील पिढी डिकन्सच्याच पंक्तीला बसते. हा उपरोध पुढे समुद्र ओलांडूनही आला. लंडनच्या 'पंच'च्या धर्तीवर मुंबईत १८५४ मध्ये 'पारशी पंच' निघाले आणि तेच पुढे 'हिंदी पंच' झाले.

१०/
हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मॅझिनीशी पत्रव्यवहार असणाऱ्यांत अत्तिलियो आणि एमिलियो बांदिएरा हे दोघे भाऊ होते. ऑस्ट्रियाच्या आरमारातील ॲडमिरलचे हे मुलगे, स्वतःही आरमारात अधिकारी. ते सोडून क्रांतिकारकांना मिळाले. जून १८४४ मध्ये मूठभर साथीदारांसह ते दक्षिण इटलीतील कालाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरले आणि थोड्याच दिवसांत पकडले गेले. २५ जुलै रोजी कोसेन्झाजवळ दोघा भावांना सात साथीदारांसह गोळ्या घालण्यात आल्या. लंडनमध्ये पत्रफोडीवर विनोद रंगत असतानाच ही बातमी येऊन थडकली.

११/
मग प्रश्न उभा राहिला की या रक्ताचे शिंतोडे लंडनच्या टपालकचेरीपर्यंत पोहोचतात का? पत्रांतून मिळालेली काही माहिती परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन यांनी ऑस्ट्रियाला कळवली होती. नावे सांगितली नव्हती, असा सरकारचा बचाव होता. बांदिएरा बंधूंच्या तुकडीत फितूर निघाला होता, हेही खरे. त्यामुळे त्यांच्या मृत्यूचा थेट दोष फोडलेल्या पत्रांवर टाकता येत नाही. पण एका देशाने आश्रय दिलेल्या माणसाची पत्रे वाचून त्यातील मजकूर त्याच्या शत्रूला कळवावा, एवढी गोष्ट तर निर्विवाद होती. गोळा केलेली माहिती पुढे कोणाच्या हाती जाईल यावर गोळा करणाऱ्याचाही ताबा राहत नाही.

१२/
दोन्ही सभागृहांनी गुप्त समित्या नेमल्या. त्यांचे अहवाल ऑगस्ट १८४४ मध्ये आले. मॅझिनीच्या पत्रांसाठीचा हुकूम १ मार्चला निघाला आणि ३ जूनला रद्द झाला, हे उघड झाले. १७९९ पासून असे ३७२ हुकूम निघाल्याचेही समोर आले. म्हणजे वर्षाला सरासरी आठ. त्यात सर्वच पक्षांच्या मंत्र्यांचा हात होता. ग्रॅहमना एकट्याला झोडपण्यात मौज होती, पण ते एका जुन्या प्रथेचे केवळ ताजे वारसदार होते. विरोधी बाकांवरील अनेक सज्जनांचा आवाज या आकड्यानंतर जरा खाली आला.

१३/
परिणाम काय झाला? त्याच वर्षी परदेशी टपालाची गुप्त कचेरी बंद झाली आणि कूटलेखन शाखाही मोडण्यात आली. मॅझिनीवर पूर्वी खुनाच्या कटाचा आळ घेतला होता, तो ग्रॅहमना १८४५ मध्ये सभागृहात मागे घ्यावा लागला. मॅझिनीचे नाव तर घरोघरी झाले. मात्र कायद्यातील ती ओळ, मंत्र्याच्या हुकुमाने पत्र उघडण्याचा अधिकार, जशीच्या तशी राहिली. समित्यांनी तो अधिकार काढून घेण्याची शिफारस केली नाही. हा अधिकार वापरण्याचे स्पष्ट वैधानिक नियम ब्रिटनमध्ये झाले ते १९८५ मध्ये, तेही युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८४ साली दूरध्वनीच्या एका प्रकरणात सरकारविरुद्ध निकाल दिल्यावर. मध्ये १४० वर्षे गेली.

१४/
हिंदुस्थानात हाच अधिकार कायद्याच्या पेटीतून आला. १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५ आणि १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम २६ यांनी सरकारला सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडवण्याची मुभा दिली. योगायोग असा की याच काळात मॅझिनी मराठीत अवतरला. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण मराठीत आणले. हस्तलिखित महाराष्ट्रात आले आणि १९०७ मध्ये पुस्तक छापले गेले. सरकारने त्यावर बंदी घातली. ज्याची पत्रे एका पिढीने चोरून वाचली, त्याचे चरित्र वाचण्याचीच पुढच्या पिढीला मनाई झाली.

१५/
स्वातंत्र्यानंतरही ती कलमे जागेवरच होती. १९८६ मध्ये टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारे दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने घातली : हुकूम गृहसचिवाचा हवा, त्याला मुदत हवी, त्याची छाननी व्हायला हवी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे १८९८ च्या कायद्याची जागा २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली. टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही आहे.

१६/
१८४४ च्या प्रकरणाकडे पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. उपरोधाने मंत्री हैराण झाला, कचेऱ्या बंद झाल्या, विषय सामान्य माणसाच्या जिभेवर आला. हे काम गंभीर भाषणांना एकट्याने जमले नसते. पण हसणे ओसरले तेव्हा कायद्याच्या पुस्तकात काही बदलले नव्हते. 'पंच'च्या चकत्या आज संग्राहकांच्या वह्यांत सापडतात, कलमे मात्र पुढच्या कायद्यांत उतरत गेली. पाळत ठेवणारा नवा ॲप असो वा नवा कायदा, त्यावरचे मीम जरूर पसरावे. त्यासोबत तीन जुने प्रश्नही विचारले जावेत : हुकूम कोणाच्या सहीचा, मुदत किती आणि तपासणार कोण? खसखस ठेवून पुरावा गोळा करणाऱ्या मॅझिनीने नेमके तेच केले होते. हसण्याआधी त्याने नोंद ठेवली.

(धागा समाप्त)